विसरणे हाही आजारच: एचआयव्ही, उत्तेजक पदार्थ आणि मेंदू
(बेळगाव येथील वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

उत्तर कर्नाटकातले आपले जिल्हे या शतकाच्या सुरुवातीला एचआयव्हीचा प्रादुर्भाव अधिक असलेले म्हणून गणले जात. तेव्हा या आजाराने माणसे जात होती; आज एआरटीच्या, म्हणजे या विषाणूला रोखणाऱ्या औषधांच्या, गोळ्या नियमित घेणारा माणूस शेती करतो, गाडी चालवतो, मुलांची लग्ने लावून देतो. म्हणूनच आता निराळी तक्रार कानावर येते. घरची मंडळी सांगतात की माणूस धडधाकट दिसतो, पण सांगितलेले विसरतो, हिशेब चुकवतो, हातातले काम अर्धे टाकून उठतो. त्यातच तो नशा करीत असेल तर सगळा दोष नशेला, म्हणजे पर्यायाने त्याच्या स्वभावाला, दिला जातो. हा निवाडा मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हेच आज मांडायचे आहे.

रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचे हे ठरवणारा पेशींचा एक घट्ट पडदा असतो. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या तपासणी नाक्यावर कागदपत्रे पाहून गाडी सोडावी, तशी ती व्यवस्था समजा. एचआयव्ही एकटा येत नाही. मोनोसाइट नावाच्या, शरीराच्या स्वतःच्याच पांढऱ्या पेशींत बसून तो हा नाका ओलांडतो, आणि तेही लागण झाल्यानंतर थोड्याच आठवड्यांत. आत गेल्यावर तो चेतापेशींना हात लावत नाही. मेंदूची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज या पेशींत तो मुक्काम करतो. तेथून विषाणूची टॅटसारखी विषारी प्रथिने आणि दाह पेटवणारी रसायने बाहेर पडत राहतात, आणि शेजारच्या चेतापेशी त्या धगीने सुकत जातात. गोळ्यांमुळे रक्तात विषाणू सापडेनासा झाला तरी ही धग काही रुग्णांत पूर्ण विझत नाही. १९९६ नंतर प्रभावी औषधे आली आणि तीव्र स्मृतिभ्रंश दुर्मीळ झाला, सौम्य विस्मरण मात्र राहिले, त्याचे एक कारण हे आहे.

आता मेथअ‍ॅम्फेटामाइन किंवा कोकेन या उत्तेजक नशांचा विचार करू. चेतापेशींमध्ये डोपामिन नावाचे रसायन निरोप पोचवते आणि काम झाल्यावर पेशीत परत घेतले जाते. कोकेन ही परतीची वाट अडवते; मेथअ‍ॅम्फेटामाइन तर साठवलेले डोपामिन बाहेर लोटते. टॅट प्रथिनही हीच परतीची वाट बिघडवते, म्हणजे दोघांचा घाव एकाच ठिकाणी, स्ट्रायटम नावाच्या मेंदूच्या खोल भागात, बसतो. तेवढ्यावर थांबत नाही. प्रयोगशाळेत असे दिसले आहे की वाढलेल्या डोपामिनमुळे मॅक्रोफेजमध्ये विषाणूचा शिरकाव अधिक सहज होतो, आणि ही द्रव्ये मघाचा तो घट्ट पडदाही सैल करतात. नाका उघडा पडला की लागण झालेल्या आणखी पेशी आत येतात, दाह वाढतो आणि तोच दाह चेतापेशींना पुन्हा पोळतो.

आपल्याकडच्या विषाणूविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. भारतात मुख्यतः सी उपप्रकार आढळतो. प्रथिने अमिनो आम्लांची बनतात; त्याच्या टॅट प्रथिनात एका जागी सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन असते, आणि या बदलामुळे ते मोनोसाइटना कमी ओढते, हे बंगळूरच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले. त्यावरून भारतीयांच्या मेंदूला फारसा धोका नाही असे काहींना वाटले. पण पुढे भारतातील रुग्णांच्या चाचण्यांत विस्मरण आणि मंदपणा आढळलाच. तेव्हा त्या एका फरकावर कोणी विसंबू नये.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात अ‍ॅम्फेटामाइन वर्गातील पदार्थ घेणारे ०.१८ टक्के, म्हणजे हजारी दोनहूनही कमी आहेत. हा आकडा लहान आहे, पण या थोड्यांतल्या ज्याला एचआयव्ही आहे त्याची कोंडी मोठी आहे. गोळी रोज वेळेवर घ्यायला स्मरण आणि शिस्त लागते, आणि नेमके तेच शाबूत नसते. गोळी चुकली की विषाणू वाढतो, विषाणू वाढला की विस्मरण वाढते. अशा माणसाला ‘तू बेफिकीर आहेस’ असे सुनावणे म्हणजे लंगड्याला पळत नाहीस म्हणून रागावणे होय.

एचआयव्हीमुळे येणारे हे विस्मरण ओळखायला २००५ मध्ये तयार झालेली एक साधी चाचणी आहे: पाच सेकंद बोटे जलद टेकवायची, मूठ-तळवा-कड असा हाताचा क्रम दहा सेकंद करून दाखवायचा, आणि सुरुवातीला सांगितलेले चार शब्द शेवटी आठवायचे. एकूण गुण १२. १० किंवा कमी आले तर पुढील तपासणी हवी. आपल्या सीमाभागात मात्र एक काळजी घ्यावी लागते. घरी मराठी बोलणाऱ्या खानापूरच्या आजीला ते चार शब्द कानडीतून सांगितले आणि तिला आठवले नाहीत, तर चूक मेंदूची की भाषेची, हे कसे कळणार? तपासणाऱ्याने आधी विचारावे, ‘आजी, कुठल्या भाषेत सांगू?’

उपचार दोन्ही आजारांचे एकत्र व्हावेत. पोलिसांची भीती बाळगून अनेक जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. त्यांना कळायला हवे की अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला, ठरावीक अटींवर, खटल्यापासून संरक्षण देते. एचआयव्ही असल्याच्या कारणावरून उपचार नाकारणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि एचआयव्हीसाठी १०९७ हे मदतीचे क्रमांक आहेत.

नशा सुटल्यावर मेंदू सावरतो का, असे घरचे विचारतात. मेथअ‍ॅम्फेटामाइन सोडून वर्षाहून अधिक काळ गेलेल्यांच्या मेंदूत डोपामिन परत घेणारी यंत्रणा बरीच भरून आल्याचे मेंदूच्या चित्रणात (स्कॅनमध्ये) दिसले आहे, स्मरणशक्ती मात्र त्याच प्रमाणात परतली नव्हती. म्हणून पहिले वर्ष घरच्यांनी गोळीची वेळ स्वतः सांभाळावी, डबीत वारांप्रमाणे गोळ्या भरून ठेवाव्यात, आणि तो विसरला तर न रागावता आठवण करून द्यावी.