दोन गाण्यांमधली जागा भाड्याने देणे आहे

दृश्य : अंधारात फिरणारी एलपी. सुई टेकते. नुसती खरखर.

एलपीवर, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या तबकडीवर, दोन गाण्यांच्या मधे एक गुळगुळीत पट्टा असतो. दोन-चार सेकंदांचा. सुई त्यावरून सरकत पुढच्या गाण्यापर्यंत पोचते. तेवढ्यात ऐकणारा चहाचा एक घोट घेतो, किंवा आत्ता संपलेल्या गाण्याची शेवटची ओळ मनात एकदा घोळवतो. या पट्ट्याचं सहसा कुणी काही करत नाही. तिथे काही नसतं, एवढंच त्याचं काम.

१९८६ च्या जुलैमध्ये इंग्लंडात एक अल्बम बाजारात आला. त्यात गाणं संपतं आणि शांतता येण्याऐवजी जाहिरात लागते. केसांना लावायच्या जेलची. लॉरिआल कंपनीची. खरीखुरी जाहिरात, पैसे मोजून जागा घेतलेली.

आपल्या कानांना याचं फारसं नवल वाटणार नाही. विविध भारतीच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर १९६७ पासून जाहिराती लागायला लागल्या, आणि गाण्यांइतकीच जिंगल्सही पाठ असलेली एक अख्खी पिढी आपल्या घराघरांत आहे. पण रेडिओचं गाणं फुकट असतं हो. इथे माणूस दुकानात गेला, खिशातले पैसे देऊन एलपी घेऊन आला, दार लावून ऐकायला बसला. आणि तरीही त्याला जेल विकलं जातंय.

अल्बमचं नाव 'फ्लॉन्ट इट'. मराठीत एका शब्दात सांगायचं तर, मिरवा! बँडचं नाव सिग सिग स्पुटनिक.

दृश्य : १९७७ च्या आसपासचं लंडन. भिंतीवर पंक बँडची पोस्टरं.

या सगळ्यामागे होता टोनी जेम्स. 'जनरेशन एक्स' या पंक, म्हणजे धसमुसळा, बंडखोर रॉक वाजवणाऱ्या, बँडचा बास गिटारवाला. त्या बँडचा गायक बिली आयडल, जो पुढे अमेरिकेत जाऊन मोठा स्टार झाला. या दोघांनी मिळून लिहिलेलं 'डान्सिंग विथ मायसेल्फ' हे गाणं जपानच्या दौऱ्यात सुचलेलं. टोकियोतल्या एका डिस्कोत पोरं आरशात स्वतःकडे बघत नाचत होती, त्यावरून. ते टोकियो टोनीच्या डोक्यात घर करून राहिलं असावं. निऑन, खेळण्यातले रोबो, आरशापुढे नाचणारी माणसं. 'फ्लॉन्ट इट'चं वेष्टन पाहिलंत की लक्षात येतं. जपानी खेळण्यातल्या रोबोचं खोकं वाटावं असं, वर जपानी अक्षरं. आत गाणी आहेत हे सांगायला लागावं.

१९८२ साली टोनीने नवा बँड उभा करायला घेतला. एरवी चार मित्र जमतात, वाजवून बघतात, मग कपड्यांचा विचार होतो. टोनीने क्रम उलटा केला. आधी दिसणं, मग वाजवणं. गायक म्हणून घेतला मार्टिन डेगव्हिल. तो कपडे बनवणारा, फॅशनच्या दुनियेतला माणूस. गिटारवर नील एक्स. ड्रम्सवर एक नाही, दोन जण, रे मेह्यू आणि ख्रिस कॅव्हना. कीबोर्ड आणि आवाजांचे खेळ याना या मुलीकडे. आणि सगळ्यांच्या डोक्यावर ताडमाड केस. गुलाबी, पिवळे, निळे. डेगव्हिलच्या तोंडावर जाळीचे मोजे ताणून बसवलेले, पायांत उंच टाचा. दशावतारातला संकासुरही यांच्याकडे दोन मिनिटं बघत राहिला असता.

नावाची गोष्टही गमतीची. बँडने सांगितलं, मॉस्कोमध्ये या नावाची गुंडांची टोळी आहे आणि अर्थ आहे 'जळ, जळ, उपग्रहा'. टोळी होती हे खरं. पण मॉस्कोत नव्हे, फिलिपीन्समध्ये. मनिलाच्या तुरुंगांत वाढलेली. 'सिगे' म्हणजे तिकडच्या बोलीत 'चल, होऊ दे', आणि स्पुटनिक म्हणजे १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने सोडलेला पहिला कृत्रिम उपग्रह. म्हणजे नाव 'होऊ दे, होऊ दे, स्पुटनिक' असं काहीसं. खऱ्या अर्थात मजा जास्त होती. पण १९८६ मध्ये मॉस्को हा शब्द मनिलापेक्षा जास्त खपत होता.

दृश्य : एफ-१११ विमान धावपट्टीवर. पंख उघडे.

फेब्रुवारी १९८६. त्याच्या तीन आठवडे आधी अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, आणि जगाने ते टीव्हीवर पाहिलं. इंग्लंडात ग्रीनहॅम कॉमनच्या तळावर अमेरिकेची अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवलेली, आणि तळाच्या कुंपणाबाहेर बायका वर्षानुवर्षं तंबू ठोकून बसलेल्या. अशा हवेत या बँडचं पहिलं गाणं येतं, 'लव्ह मिसाइल एफ-वन-इलेव्हन'. प्रेमाचं क्षेपणास्त्र. नावात थेट अमेरिकी बॉम्बफेकी विमान.

गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं.

आणि एप्रिलमध्ये, गाणं लोकांच्या कानातून उतरलंही नव्हतं तेव्हा, खरी एफ-१११ विमानं इंग्लंडातल्या लेकनहीथ तळावरून उडाली आणि त्यांनी लिबियावर बॉम्ब टाकले. फ्रान्सने आपल्या आकाशातून जाऊ दिलं नाही, म्हणून त्यांना फ्रान्स आणि स्पेनला वळसा घालून जावं लागलं. टोनी जेम्सने प्रसिद्धीसाठी आयुष्यात अनेक उद्योग केले; हा मात्र त्याच्या हातातला नव्हता.

आता हे गाणं ऐकायला कसं आहे? खाली सिंथेसायझरचा बास, सीक्वेन्सरवर, म्हणजे तेच सूर आपोआप पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रावर लावलेला, एकाच जागी धडधडत राहणारा. त्याच्यावर गिटारचा अगदी जुन्या, पन्नाशीच्या दशकातल्या रॉक-अँड-रोलचा झटका. आणि त्या दोघांच्या वर सगळा कचरा. हा शब्द मी कौतुकाने वापरतोय. सिनेमातल्या संवादांचे तुकडे, गोळीबार, स्फोट, आणि गायकाचा आवाज प्रतिध्वनीत असा बुडवलेला की तो गातोय की दुसऱ्या खोलीतून ओरडतोय ते कळू नये. हे मिश्रण अगदी आकाशातून पडलेलं नव्हतं. न्यूयॉर्कच्या 'सुइसाइड' या दोन माणसांच्या बँडने १९७७ मध्येच एक गायक आणि एक कीबोर्डवाला एवढ्यावर पंक वाजवून दाखवलं होतं. त्यांच्या त्या अल्बममध्ये 'रॉकेट यूएसए' नावाचं गाणं आहे. 'फ्लॉन्ट इट'वर आहे 'रॉकिट मिस यूएसए'. आता काय बोलायचं! 'ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी बॉय' हे दुसरं गाणं, टी. रेक्स या बँडचं 'ट्वेंटिएथ सेंच्युरी बॉय' १९७३ चं. एक शतक वाढवलं की झालं भविष्य.

दृश्य : मूग कंपनीचा मोठा सिंथेसायझर, वायरींचं जाळं.

पण 'सुइसाइड'च्या गाण्यांत तळघराची ओल आहे. 'फ्लॉन्ट इट' चकचकतो. त्याचं श्रेय एका माणसाचं, जॉर्जो मोरोडर. इटलीच्या उत्तरेकडल्या डोंगरातला, म्युनिकमध्ये नाव कमावलेला संगीतकार आणि निर्माता. १९७७ मध्ये त्याने गायिका डॉना समरकडून 'आय फील लव्ह' गाऊन घेतलं, जवळजवळ सगळंच्या सगळं सिंथेसायझरवर, आणि तिथून नाचाच्या संगीताची दिशा बदलली. नंतर हॉलिवूड, नंतर ऑस्कर. असा माणूस या रंगीत केसांच्या पोरांचा अल्बम करायला तयार झाला.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. त्याच १९८६ मध्ये 'टॉप गन' हा सिनेमा आला. अमेरिकी नौदलाची लढाऊ विमानं, देखणे वैमानिक, सगळं गंभीर, सगळं अभिमानाने. त्यातल्या दोन गाजलेल्या गाण्यांना चाली कुणाच्या? मोरोडरच्या. म्हणजे एकाच वर्षी हा माणूस एका हाताने विमानांची आरती ओवाळत होता आणि दुसऱ्या हाताने त्यांची टिंगल करणारी एलपी घडवत होता. ऑस्कर कोणत्या हाताला मिळालं हे सांगायला नको.

दृश्य : वर्तमानपत्रांचे मथळे, झपाझप.

पैशाची कथाही सांगायला हवी. बँडला ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने करारबद्ध केलं, आणि बातमी पसरली की चाळीस लाख पौंडांना. खरा आकडा त्याच्या जवळपासही नव्हता. पण तो खोडून काढण्याची बँडला काहीच घाई नव्हती. याच ईएमआयने १९७६ मध्ये सेक्स पिस्टल्सला ४०,००० पौंड देऊन घेतलं होतं, आणि तीनेक महिन्यांत हाकलूनही दिलं होतं. दहा वर्षांनी पुन्हा तोच दरवाजा, पुन्हा पंकचा पाहुणा. लेबल पार्लोफोन, म्हणजे बीटल्सचं घर.

आता परत त्या गुळगुळीत पट्ट्याकडे येऊ.

रेकॉर्डवर जाहिरात ही कल्पनाही तशी नवी नव्हती. 'द हू' या बँडने १९६७ मध्येच 'द हू सेल आउट' अल्बममध्ये गाण्यांच्या मधे जाहिराती घातल्या होत्या. पण त्या गमतीने केलेल्या. चोरट्या रेडिओ केंद्रांची नक्कल. टोनीने गंमत बाजूला ठेवली, आणि जागा खरोखर विकायला काढली. वर्तमानपत्रात कॉलम-सेंटिमीटरने विकतात तशी सेकंदांवर. त्यामागचं म्हणणं साधं होतं. पोस्टर जाहिरात, व्हिडिओ जाहिरात, मुलाखत जाहिरात. गायकाच्या शर्टापासून बुटांपर्यंत सगळं काहीतरी विकतंच असतं. मग तेवढी एक जागा पवित्र कशाला ठेवायची?

लॉरिआलने घेतली. 'आय-डी' या फॅशनच्या मासिकाने घेतली. आणि मग...

मग गिऱ्हाईक मिळेना. इतका बोलबाला, तिसऱ्या क्रमांकाचं गाणं, चाळीस लाखांची अफवा, आणि तरी जागा रिकामी! इमारत बांधून झाली, पाटी लागली, आणि वरचे मजले ओसाड. तेव्हा बँडने काय केलं? राहिलेल्या जागांत स्वतःच खोट्या जाहिराती बनवून टाकल्या. स्पुटनिक कॉर्पोरेशन नावाच्या, अस्तित्वात नसलेल्या बलाढ्य कंपनीच्या. गोड, आश्वासक आवाजात सांगितलेल्या.

माझ्या मते हा अल्बमचा सगळ्यात चांगला भाग. कारण ऐकताना खरी कुठली आणि खोटी कुठली हे पहिल्या झटक्यात कळत नाही. लॉरिआलची जाहिरात विडंबनासारखी वाटते, आणि नसलेल्या कंपनीची जाहिरात अगदी अस्सल. हे त्यांनी आधी ठरवलं नव्हतं. माल खपला नाही म्हणून घडलं. ठरवून इतकं चांगलं जमलं नसतं, असं आपलं मला वाटतं.

दृश्य : एलपीची मागची बाजू. आठ गाण्यांची नावं.

गाणी आठ. आणि इथे जरा खरं बोलायला हवं. आठांतली सहा तरी एकाच गाण्याची भावंडं आहेत. तोच बास, तोच झटका, तेच स्फोट. 'अटारी बेबी' त्यातल्या त्यात संथ, स्वप्नाळू. व्हिडिओ गेमच्या कंपनीचं नाव प्रेयसीला लावलेलं. 'मॅसिव्ह रिटॅलिएशन' हे शीर्षक तर १९५० च्या दशकातल्या अमेरिकी अणुधोरणाचं: एक बॉम्ब टाकलात तर आम्ही सगळेच टाकू. शब्द भारी निवडलेत. गाणं मात्र शीर्षकाच्या पुढे फार जात नाही.

अल्बम ब्रिटनच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत पोचला. समीक्षकांनी झोडपला. त्यांचा राग संगीतापेक्षा गाजावाजावर जास्त होता. लग्नाआधी महिनाभर ढोल वाजवले, आणि पंगतीत वरणभात वाढला. वरणभात वाईट नव्हता. पण ढोल जास्त झाले होते.

अमेरिकेत 'फेरिस ब्यूलर्स डे ऑफ' या सिनेमात 'लव्ह मिसाइल' ऐकू आलं. घरी दुसरं गाणं विसाव्या क्रमांकावर अडकलं. मग दोन वर्षं सामसूम. १९८८ मध्ये स्टॉक, एटकिन आणि वॉटरमन या त्या काळच्या हमखास हिट देणाऱ्या तिघांकडून एक गाणं करून घेतलं. नाव ठेवलं 'सक्सेस'. यश काही आलं नाही. १९८९ चा दुसरा अल्बम, 'ड्रेस फॉर एक्सेस', त्याच्या जाहिरातीत एक ओळ होती: या वेळी संगीत आहे. स्वतःवर इतका नेमका विनोद करता येणाऱ्या माणसांवर फार वेळ चिडून राहता येत नाही. त्याच वर्षी बँड मोडला.

पुढे टोनी 'सिस्टर्स ऑफ मर्सी' या बँडमध्ये गेला, कॅव्हना 'बिग ऑडिओ डायनामाइट'मध्ये, नील एक्स गायक मार्क आल्मंडबरोबर वाजवू लागला. म्हणजे ही माणसं नुसती केसांची नव्हती, वाजवताही येत होतं. आणि २००३ मध्ये डेव्हिड बोवीने 'लव्ह मिसाइल' स्वतःच्या आवाजात गायलं. सगळ्यांनी हसून सोडून दिलेलं गाणं.

दृश्य : पुन्हा फिरणारी एलपी. सुई शेवटच्या वळणांत.

टोनी जेम्सची एक गोष्ट राहिली. २००२ च्या सुमारास त्याने आपला जुना मित्र, 'द क्लॅश'चा मिक जोन्स, याच्याबरोबर 'कार्बन/सिलिकॉन' हा बँड काढला. कंपन्या गाणी उतरवून घेणाऱ्या पोरांवर खटले भरत होत्या, ते हे दिवस. या दोघांनी आपली गाणी इंटरनेटवर फुकट टाकली. घ्या, वाटा, कार्यक्रमाला आलात तर रेकॉर्डही करा. त्यातल्या एका गाण्याचं नाव 'एमपी-फ्री'.

लॉरिआलने मात्र १९८६ मध्ये एकदाच भाडं भरलं. चाळीस वर्षं झाली. पोटमाळ्यावरची ती एलपी कुणी खाली काढली, धूळ पुसली, सुई टेकवली, की गाणं संपल्यावर आजही कुणीतरी केसांना जेल लावायला सांगतं.