तोटीचं भांडं

पुण्यात, डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जोर्वे भांड्यांच्या कपाटापाशी थोडा वेळ थांबा. नारिंगी-तांबूस रंग, गोल पोट, उंच गळा. अंगावर काळ्या रेघांची नक्षी. आणि पोटातून बाजूला निघालेली नळीसारखी तोटी. हे भांडं तीन हजार वर्षांपूर्वीचं आहे, यावर पहिल्यांदा विश्वासच बसत नाही.

जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं, प्रवरेकाठचं गाव. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी तिथं उत्खनन केलं, आणि या घाटाच्या भांड्यांना गावाचंच नाव मिळालं. पुढे गोदावरी, प्रवरा, भीमेच्या खोऱ्यांत असंच खापर गावोगाव सापडत गेलं. चाकावर घडवलेलं, आणि इतकं छान भाजलेलं की टिचकी मारली तर खणखणीत वाजावं. त्या कुंभाराला आव्यातला जाळ पुरता कळला होता.

पण या भांड्यांशी खरी ओळख होते ती इनामगावात. शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं हे गाव. १९६८ पासून इथं वर्षानुवर्षं उत्खनन चाललं. ज्वारी-बाजरीच्या आजच्या शेतांखाली घरं निघाली, चुली निघाल्या, धान्याच्या कणग्यांच्या जागा निघाल्या. आणि घरांच्या जमिनीखाली निघाली तान्ही मुलं.

दोन कुंभ आडवे ठेवलेले, तोंडाला तोंड लावून. आत बाळ. गेलेल्या लेकराला गावाबाहेर नेलं नाही, घरातच, पायाखालच्या मातीत ठेवलं. सोबत एखादा वाडगा आणि एक तोटीचं भांडं. मला हे दृश्य विसरता येत नाही.

मोठ्यांची दफनं वेगळी. त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. एकाचे मात्र शाबूत होते. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, कच्च्या मातीच्या चार पायांच्या रांजणात तो बसलेला सापडला. बहुधा गावचा प्रमुख असावा, असं अभ्यासक मानतात.

आता पुन्हा कपाटाकडे या. तोटी जिथं पोटाला मिळते, तिथं पाहा. चाकावर तोटी निघत नाही. ती वेगळी करायची, भांड्याला भोक पाडायचं, ओल्या मातीनं सांधा बसवायचा आणि बोटानं दाबून गुळगुळीत करायचा. त्यानंतर भाजणी. तो सांधा अजून सुटलेला नाही.