सायलेन्सरमधला निरोप्या

श्रोते हो, नमस्कार.

गाडीचं बटण दाबलं की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदा लागतात आणि एकेक करून विझतात. त्यातला इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा तसाच राहिला की मालकाच्या पोटात गोळा येतो. गाडी महागडी असेल तर गोळा त्या मानाने मोठा. मी पुण्यात गॅरेज चालवतो, आणि माझी बरीचशी वर्षं मोठ्या सेडान गाड्यांच्या बॉनेटखाली वाकूनच गेली आहेत. त्या पिवळ्या दिव्यामागे धुरावर लक्ष ठेवणारे जे सेन्सर असतात, त्यांच्याबद्दल आज मला बोलायचंय. फार चांगल्या वस्तू आहेत त्या, आणि आपण त्यांना फार वाईट वागवतो.

मागच्या उन्हाळ्याच्या अखेरीस साताऱ्याहून एक बाई गाडी घेऊन आल्या. सहा सिलिंडरची पेट्रोल सेडान, नव्वद हजार किलोमीटर झालेली. सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, ॲव्हरेज उतरलेलं, आणि तो दिवा. त्यांच्या हातात आधीच्या ठिकाणचं अंदाजपत्रक होतं. चारही ऑक्सिजन सेन्सर बदला, आकडा लाखाच्या घरात.

"दादा, चारही एकदम खराब होतात का हो?" त्यांनी विचारलं.

प्रश्न अगदी योग्य होता. मी स्कॅनर लावला. दोन कोड निघाले, पी०१७१ आणि पी०१७४. त्यांचा अर्थ सांगण्याआधी हा सेन्सर करतो काय ते सांगायला हवं.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. या प्रमाणाला लॅम्डा एक म्हणतात. हवा जास्त झाली की मिश्रण पातळ, पेट्रोल जास्त झालं की घट्ट. सायलेन्सरच्या नळीत जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, आम्ही ज्याला नुसतं कॅट म्हणतो, त्याच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं असलेली चिनी मातीची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल जाळायला या कॅटला ऑक्सिजन हवा असतो. नायट्रोजनचे ऑक्साइड मोडायला मात्र ऑक्सिजन जास्त असून चालत नाही. ही दोन्ही कामं एकाच वेळी होतात ती फक्त लॅम्डा एकच्या अगदी आसपास. थोडं इकडे किंवा तिकडे झालं की एक काम बिघडतं.

मग इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळणार कसं की मिश्रण बरोबर जमलंय? पंगत उठल्यावर पानांत काय उरलंय ते बघून आचाऱ्याला अंदाज येतो ना, मीठ कुठे चुकलं, भाजी कुठे उरली, तसंच. जळून झाल्यावर धुरात किती ऑक्सिजन उरला ते हा सेन्सर बघतो. त्याच्या टोकाला झिर्कोनियाची, म्हणजे एका प्रकारच्या चिनी मातीची, बोटाच्या पेराएवढी टोपी असते. टोपीच्या बाहेरून धूर, आतून बाहेरची स्वच्छ हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितका विजेचा दाब तयार होतो. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल तर ०.९ व्होल्ट, भरपूर असेल तर ०.१. हे घडायला टोपी तीनशे अंशांच्या वर तापलेली लागते, म्हणून तिच्यात छोटा हीटरही असतो. हीटरची बारीक तार तुटली तरी सेन्सर मुका होतो.

बॉश कंपनीने हा सेन्सर १९७६ साली बनवायला घेतला आणि तो पहिल्यांदा बसला व्होल्वोच्या गाड्यांत, कॅलिफोर्नियातल्या कडक नियमांसाठी. आपल्याकडे अडचण शिशाची होती. पेट्रोलमधलं शिसं कॅटवर आणि सेन्सरवर बसतं आणि दोन्ही निकामी करतं. विनाशिसं पेट्रोल आपल्याकडे १ एप्रिल १९९५ ला आलं, तेही चार महानगरांत, आणि देशभर पोचायला २००० साल उजाडलं. आज आपण सगळे बीएस-६ चं, म्हणजे धुराच्या भारत स्टेज सहा नियमांचं, पेट्रोल भरतो, त्यात गंधकसुद्धा दहा लाख भागांत दहा भागांपेक्षा जास्त नसतं. सेन्सरला इतकं स्वच्छ इंधन आपल्याकडे पूर्वी कधीच मिळालं नव्हतं. त्यामुळे आज सेन्सर लवकर गेला तर मी आधी इंजिनाकडे बघतो.

आता ते दोन कोड. सहा किंवा आठ सिलिंडरच्या व्ही आकाराच्या इंजिनाला दोन बाजू असतात, त्यांना बँक एक आणि बँक दोन म्हणतात. एक नंबरचा सिलिंडर ज्या बाजूला, ती बँक एक. प्रत्येक बाजूला कॅटच्या आधी एक सेन्सर आणि कॅटच्या नंतर एक, असे चार. पी०१७१ म्हणजे बँक एकमध्ये मिश्रण पातळ, पी०१७४ म्हणजे बँक दोनमध्ये पातळ. सेन्सर खराब झालाय असं यातला एकही कोड म्हणत नव्हता. दोघेही सांगत होते, हवा जास्त येतेय. एक सेन्सर चुकू शकतो. पण वेगवेगळ्या नळ्यांत बसलेले दोन सेन्सर एकाच दिवशी एकच खोटं बोलतील, हे मला पटणार नव्हतं.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम नावाचा आकडा दिसतो. सेन्सरचं ऐकून कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, तो हा आकडा. पाचेक टक्के इकडेतिकडे असेल तर काळजीचं कारण नाही. या गाडीत उभ्या इंजिनाला तो एका बाजूला १९ आणि दुसऱ्या बाजूला २१ होता. मी रेस देऊन इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरलं. आकडा ६ वर उतरला. खूण पटली. इंजिन मोजून न घेतलेली हवा कुठून तरी ओढत होतं. उभ्या गाडीत मोजकीच हवा लागते, त्यामुळे ही चोरटी हवा तिथे जास्त जाणवते. रेस दिली की मोजून येणारी हवा इतकी वाढते की चोरटी तिच्यात बुडून जाते.

मग स्मोक मशीन लावलं. हे मशीन इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, हलक्या दाबाने पांढरा धूर भरतं. इंजिन बंद. आमच्याकडे शिकायला आलेला मुलगा टॉर्च घेऊन मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या, मागे वाकला. दोनेक मिनिटांनी म्हणाला, "काका, इथून येतोय." क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतली, वाफ परत इनटेकमध्ये नेणारी रबरी नळी वळणावर चिरली होती. चीर जेमतेम नखाएवढी. उष्णतेने रबर पापडासारखं कडक झालं होतं. नळी बदलली, कोड पुसले, बाईंना शेजारी बसवून चांदणी चौकापर्यंत चक्कर मारली. ट्रिम २ आणि ३. चारही जुने सेन्सर जागच्या जागी होते आणि आजही आहेत.

रावणाच्या दरबारात मारुतीला मारायचा हुकूम झाला तेव्हा बिभीषण म्हणाला होता, दूताला मारत नाहीत. माझ्या व्यवसायात मला हे वारंवार सांगावं लागतं.

अर्थात सेन्सरही म्हातारे होतात. हीटरवाला सेन्सर लाख-दीड लाख किलोमीटर सहज चालतो, पुढे तो आळसावतो, बातमी उशिरा द्यायला लागतो. पण वेळेआधी गेला तर का गेला हे त्याच्या टोकावरच लिहिलेलं असतं. काढल्यावर लगेच पुसू नका, बघा. काळी मऊ काजळी असेल तर मिश्रण घट्ट चाललंय. करडी, खरखरीत राख असेल तर इंजिन ऑइल खातंय. पांढरट, चमकदार पापुद्रा असेल तर कुणीतरी गॅस्केटला साधं सिलिकॉन फासलंय. त्या सिलिकॉनची वाफ टोपीची बारीक छिद्रं कायमची बुजवते. म्हणून सीलंटच्या ट्यूबवर सेन्सरला चालेल असं लिहिलंय का, ते मेकॅनिकला आधी विचारा. आणि खराब टोपी पेट्रोलमध्ये बुडवून किंवा पॉलिश पेपरने घासून साफ करायचा उद्योग कुणालाही करू देऊ नका. मूळ कारण दुरुस्त केलं नाही तर नवा सेन्सरही सहा महिन्यांत त्याच रंगाचा होईल.

एक गोष्ट बऱ्याच मेकॅनिकांनाही माहीत नसते. टोपीच्या आत जी स्वच्छ हवा लागते असं मी म्हणालो, ती पुष्कळ सेन्सरांत वायरीच्या आतूनच येते, तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटींतून. सेन्सर वायरीतून श्वास घेतो म्हणा ना. म्हणून त्याच्या कपलरमध्ये ग्रीस भरू नये, स्प्रे मारू नये. पार्किंगमध्ये उंदरांनी वायर कुरतडली तर नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागवू नये. नवा सेन्सर बसवताना आट्यांना लावायची पेस्ट फक्त आट्यांनाच, टोकाला तिचा थेंबही लागता कामा नये. आणि हात सुटून सेन्सर फरशीवर पडला तर तो बसवू नका. आत चिनी माती आहे, तडा बाहेरून दिसत नाही.

पावसाळ्यातही जपा. भुयारी मार्गात तुंबलेल्या पाण्यात तापलेली गाडी घातली की खालच्या अंगाला असलेल्या मागच्या सेन्सरवर गार पाणी बसतं आणि टोपी तडकते. लांबच्या प्रवासाहून आल्या आल्या गाडीखाली पाण्याचा जोराचा फवारा मारायचा मोहही आवरा.

दिवा स्थिर असेल तर दोन दिवसांत दाखवा, एवढी सवड असते. दिवा उघडझाप करत असेल तर गाडी लगेच हळू करा आणि सुरक्षित जागी थांबवा. तेव्हा एखादा सिलिंडर मिसिंग करत असतो, म्हणजे त्यातलं पेट्रोल पेटतच नसतं, न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि ती वीट अक्षरशः वितळते. हजार-दोन हजारांच्या स्पार्क प्लगसाठी लाखाचा कॅट गेलेला मी पाहिलाय, आणि त्या माणसाला ते सांगताना मला फार वाईट वाटलं होतं.

सध्या अनेक जण विचारतात, पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलंय, त्याने सेन्सर खराब होतो का? इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे अशा पेट्रोलला १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपासच हवा पुरते. सेन्सरला मिश्रण पातळ दिसतं, तो तसं कळवतो, कॉम्प्युटर इंधन थोडं वाढवतो. म्हणजे सेन्सर त्याचं कामच करतोय. जुन्या गाडीत या कारणाने ट्रिम थोडा चढलेला दिसला तर लगेच सेन्सरवर खापर फोडू नका. रबरी नळ्या आणि सील मात्र तपासून घ्या.

डिझेल सेडानवाल्यांसाठी थोडक्यात. तुमच्याकडे काजळीची गाळणी असते, डीपीएफ. तिच्या दोन अंगांच्या दाबातला फरक मोजणाऱ्या सेन्सरला दोन बारीक नळ्या जातात, त्या फुटल्या किंवा तुंबल्या की चांगली गाळणीसुद्धा भरलेली दिसते. रोज ऑफिस ते घर चार किलोमीटर चालणारी गाडी महिन्यातून दोनदा तरी हायवेला अर्धा तास एका वेगात चालवा. गाळणीला काजळी जाळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, ती शहरातल्या गर्दीत मिळत नाही. ज्या गाडीत युरियाचं द्रावण भरावं लागतं, त्यात ते बरोबर ३२.५ टक्क्यांचंच असतं. त्यात नळाचं पाणी मिसळू नका, आणि टाकीच्या तोंडाशी पांढरे खडे जमले असतील तर ओल्या फडक्याने पुसूनच झाकण लावा.

एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. कॅट पोकळ करून देणारे, सेन्सरच्या जागी खोटा सिग्नल देणारी डबी बसवणारे, सॉफ्टवेअरमधून डीपीएफ काढून टाकणारे लोक आहेत. दिवा विझतो, गाडी मोकळी पळते, मालक खूश. त्या गाडीमागे सिग्नलला दुचाकी उभी असते, तिच्या पुढच्या बाजूला एक लहान मूल उभं असतं. त्याचं तोंड बरोबर आपल्या सायलेन्सरच्या टप्प्यात येतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. ते आईला कळत नाही, मुलाला कळत नाही. धुरात काहीतरी चुकतंय हे ओळखू शकणारा त्या रस्त्यावर एकच असतो, तो सेन्सर, आणि त्यालाच आपण पैसे मोजून गप्प केलेलं असतं. माझ्याकडे असं काम मागायला आलेल्यांना मी चहा पाजून परत पाठवतो.

पुढच्या वेळी सर्व्हिसिंगला गाडी टाकाल तेव्हा एवढं विचारा, लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरने बराच काळ धरून ठेवलेला तो ट्रिमचा आकडा, किती आहे? दोन बँका असतील तर दोन्ही आकडे मागा आणि सर्व्हिस बुकात तारीख घालून लिहून ठेवा. पीयूसीच्या कागदावरही बघा. बीएस-४ पासूनच्या पेट्रोल गाडीचा लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या आत असायला हवा. एखाद्या वर्षी आकडा सरकायला लागला तर दिवा लागायच्या कितीतरी आधी तुम्हाला कळेल.

साताऱ्याच्या त्या बाईंनी जाताना जुनी नळी मागितली नाही, ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. गॅरेजमध्ये नवा मुलगा शिकायला आला की मी आधी ती त्याच्या हातात देतो आणि दोष शोध म्हणतो. सरळ धरली तर अख्खी दिसते. वाकवली की चीर उघडते.

नमस्कार.