उन्हाळ्यातली बेगमी

[दृश्य: लासलगावचा बाजार. कांद्याने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग.]

एप्रिल-मे महिन्यांत लासलगाव, पिंपळगावच्या बाजारात उन्हाळ कांदा उतरतो. घट्ट, कोरड्या सालीचा हा कांदा नीट ठेवला तर चार-पाच महिने टिकतो. शेतकरी तो हवेशीर कांदाचाळीत भरतो. पावसाळा सरत येतो तसतशा चाळी रिकाम्या होतात, नवा लाल कांदा अजून शेतातच असतो, आणि सप्टेंबरपासून दिवाळीपर्यंत भाव चढायची भीती दरवर्षी असतेच. लाल कांदा आला तरी त्यात पाणी जास्त, तो लवकर सडतो, कोंब धरतो. म्हणून घरात साठवायचा कांदा मे महिन्यातच घ्यावा. गोणीत कोंबून ठेवू नये. पसरून ठेवावा, वारा लागू द्यावा, बटाट्याजवळ ठेवू नये आणि आठवड्याला एकदा हात फिरवून नासका वेचून टाकावा.

किराण्याची मोठी बचत इथे आहे. दुकानात दोन-चार रुपयांची घासाघीस करून जे हाती लागत नाही, ते मोसम ओळखून घेतलं की मिळतं.

[दृश्य: गच्चीवर चादरीवर पसरलेले गहू.]

तुरीचा हंगाम हिवाळ्यातला. जानेवारी-फेब्रुवारीत लातूर, अकोल्याच्या बाजारांत नवी तूर येते. गहू येतो मार्च-एप्रिलमध्ये. लोकवन असो की सिहोर, तो आधी कडक उन्हात वाळवायचा. दाताखाली कट्‌कन तुटला की वाळला समजावा. गार झाल्याशिवाय डब्यात भरायचा नाही, नाहीतर आत घाम धरतो आणि किडीला आयतं घर मिळतं. काही घरांत गव्हाला एरंडेल चोळतात, काही घरांत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालतात. गिरणीतून मात्र आठ-पंधरा दिवस पुरेल एवढंच दळून आणावं, विशेषतः पावसाळ्यात.

[दृश्य: मुंबई, लालबागची मसाला गल्ली. मिरचीचे ढीग, कांडपाचा आवाज.]

आता मिरची. वर्षाचा तिखट-मसाला करायचे दिवस मार्च ते मे. लालबागला बायका मिरची निवडतात, खडा मसाला भाजून घेतात आणि डोळ्यांसमोर कुटून घेतात. बेडगी रंगासाठी, गुंटूर किंवा लवंगी तिखटपणासाठी. प्रमाण ज्याच्या त्याच्या घरचं. भाव विचारताना देठासह की बिनदेठाची, हे आधी विचारावं. देठं खुडली आणि दोन उन्हं दिली की वजन घटतं. स्वस्त वाटलेली दमट मिरची पुष्कळदा महागच पडते. कुटलेला मसाला काचेच्या बरणीत दाबून भरायचा आणि वर हिंगाचे खडे ठेवायचे. वर्षभर पाकिटं आणण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि आत काय आहे ते आपल्याला माहीत असतं.

[दृश्य: चाळीतला व्हरांडा. गव्हाचं पोतं, तराजू, चार-पाच बायका.]

पण गहू, डाळ, मिरची, सगळं एका महिन्यात घ्यायचं तर पैसा एकरकमी लागतो. ज्या घरात पगार आठवडाभराच्या किराण्यालाच पुरतो, तिथे बेगमी कशी करायची? स्वस्ताई ज्यांना सर्वांत जास्त हवी, त्यांच्याच हातून ती निसटते, आणि हे मनाला फार लागतं. यावर बायकांनीच वाट काढली आहे. भिशीचा नंबर एप्रिलमध्ये मागून घ्यायचा. चौघींनी मिळून घाऊक बाजारातून पन्नास किलोचं पोतं आणायचं आणि वाटून घ्यायचं. टेम्पोचं भाडंही वाटलं जातं.

जुलैत पालेभाजी महागते, चिखलाने भरलेली येते. तेव्हा घरातली कडधान्यं कामाला येतात. मटकी भिजवून मोड आणले की दुपटीहून जास्त होते. वाटीभर मटकीत चौघांची उसळ होते. पुरणाची डाळ शिजवल्यावर निथळलेल्या पाण्याची कटाची आमटी होते. दोडक्याच्या शिरा तीळ-खोबऱ्यासोबत परतल्या की चटणी. उरलेल्या पोळीचा कुस्करा. यातलं काहीच हलक्या दर्जाचं जेवण नाही. कटाची आमटी तर सणाच्या पानातच वाढतात.

[दृश्य: स्वयंपाकघर, फळीवर नवा डबा.]

पहिल्याच वर्षी सगळं भरायला जाऊ नका. जागाही पुरणार नाही. आधी आपल्या घरात महिन्याला किती कांदा, किती तिखट लागतं ते दोन-तीन महिने कॅलेंडरवर लिहून ठेवा. येत्या उन्हाळ्यात तेवढ्या दोनच गोष्टी भरा. गहू आणि डाळ पुढच्या वर्षी, शेजारणीला सोबत घेऊन.