खडू, टोपी आणि रात्रीची लाईट

नमस्कार श्रोतेहो.

मला आज बोलायला दिलेला विषय आहे, मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांचा वर्ग कसा सांभाळावा आणि त्यांचं मन शिकण्यात कसं लावावं. मोठे विद्यार्थी म्हणजे धंद्याचं शिक्षण घ्यायला आलेली माणसं. कुणी वायरमनचं काम शिकतंय, कुणी शिलाई, कुणी मोटार रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरणं. वय पंचवीस, पस्तीस, कधी पन्नाशीच्याही पुढं. मी शिल्पनिदेशक होतो, म्हणजे हाताचं काम शिकवणारा मास्तर, विजेच्या कामाचा. अठ्ठावीस वर्षं दहावी झालेली पोरं शिकवली आणि शेवटची काही वर्षं या मोठ्या माणसांच्या तीन-तीन महिन्यांच्या बॅच घेतल्या. अठ्ठावीस वर्षांत जे हातखंडे जमवले होते, त्यातले निम्मे इथं उलटे पडले.

पोराला उभं करता येतं. चाळिशीच्या माणसाला कसं उभं करणार? भावकीत त्याला विचारल्याशिवाय सोयरीक ठरत नाही. तो तुमच्यापुढं बाकावर बसतो, तेही गुडघा आपटून, कारण बाक पोराच्या मापाचा असतो. बाकावरून आठवलं, आपल्याकडं इमारतीला लाखांनी पैसा मिळतो आणि धड बसता येईल असा बाक मिळत नाही. असो.

तसं मोठेपणी शिकणं आपल्या मराठवाड्याला नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या लातूर-उस्मानाबादकडच्या गवंड्यांना नव्यानं शिकावं लागलं. उभी हयात दगडमातीच्या भिंती रचलेली माणसं ती. त्यांना सांगायचं, की भिंतीच्या दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड मध्ये मध्ये बसवा, दाराच्या वर सगळ्या घराभोवती सळई-सिमेंटचा पट्टा फिरवा. त्यांना फार समजावावं लागलं नसेल. भिंत कुठून फुटते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

अमेरिकेत माल्कम नोल्स म्हणून एक शिक्षणतज्ज्ञ होऊन गेले. मोठ्यांच्या शिक्षणावर त्यांनी पुष्कळ लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मोठ्या माणसाला आधी 'हे मी का शिकू' ते कळावं लागतं आणि त्याच्या गाठीला जो अनुभव असतो तो वर्गात मोजला जावा लागतो. मी हे वाचलं फार नंतर. मला ते कळलं गव्हाच्या शेतात, रात्री दोनच्या सुमाराला. ती गोष्ट सांगतो. घरचे माझी ही गोष्ट ऐकून कंटाळलेत, पण तुम्ही पहिल्यांदा ऐकताय.

लातूर जिल्ह्यातलं एक तालुक्याचं ठिकाण. पौष महिना. मोटार रिवाइंडिंगची बॅच, पटावर वीस जण. वेळ सकाळी दहाची. दहा वाजून पाच मिनिटं झाली की मी दार लावून घ्यायचो. मला त्याचा अभिमान होता.

या वीसातले सहा जण एकाच गावचे. एकाच टमटममध्ये यायचे, एकाच टमटममध्ये जायचे. त्या सहात एक सासरे-जावयाची जोडी होती. पोरगी गावातच दिलेली. जावई सासऱ्यांना मामा म्हणायचा, म्हणून सगळा वर्गच त्यांना मामा म्हणायचा. मामा पंचावन्नचे, धोतर, पांढरी टोपी. जावई तिशीतला, हुशार. दोघांनी मिळून दुकान टाकायचं ठरवलेलं.

त्या दिवशी मी फळ्यावर वाइंडिंगचा डायग्राम काढत होतो. छत्तीस खाचांचा स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा भाग, ज्याच्या खाचांत तारेच्या कॉइली बसतात. चार पोल, तीन फेज. छत्तीस भागिले चार नऊ, नऊ भागिले तीन, तीन. इथवर आलो आणि मागून घोरण्याचा आवाज. वळून बघतो तर मामा भिंतीला डोकं टेकून गाढ झोपलेले. ते आठवड्यात तिसऱ्यांदा झोपले होते. माझ्या हातात खडू होता आणि अठ्ठावीस वर्षांचा नेम होता. मारला. खडू टोपीला लागला आणि टोपी खाली पडली.

वर्ग हसला. वर्ग हसला की मास्तरला चेव येतो. मी म्हणालो, "झोपायचं असेल तर घरी झोपा मामा, सर्टिफिकेट जावई आणून देईल."

श्रोतेहो, ज्याचे पाय धुऊन पोरगी दिली त्या जावयाच्या देखत मी हे बोललो. मामांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली. एक शब्द बोलले नाहीत. जावई उठला, पिशवी घेतली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी वर्गात चौदा जण. टमटमच आली नाही.

दोन दिवस मी म्हणत राहिलो, गेले तर गेले. तिसऱ्या दिवशी कारकून म्हणाला, "सर, पट असा पडला तर वरून विचारणा येईल." खोटं कशाला बोलू, मी माफी मागायला निघालो नव्हतो. पट भरायला निघालो होतो.

शनिवारी संध्याकाळी मोटरसायकलवर त्यांचं गाव गाठलं. मामा घरी नव्हते. मामी म्हणाल्या, "ते रानात हैत. या आठवड्यात रात्रीची लाईट हाय नं."

रात्रीची लाईट. तुम्हा शेतकऱ्यांना सांगायला नको. शेतीच्या फीडरला, म्हणजे रानाकडं वीज नेणाऱ्या लाईनला, मोटारीला लागणारी थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री, पाळी फिरत राहणार. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी, त्या आठवड्यात माणूस रात्रभर पिकाला पाणी देत दारं धरणार. मी विजेचा मास्तर. फीडर म्हणजे काय ते मी शिकवायचो. पण आपल्या वर्गातल्या माणसांचा फीडर या आठवड्यात कधी चालू आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं.

रानात गेलो. मामा म्हणाले, "काय करलालाव सर, एवढ्या रातीचं?" खडूचा विषय काढलाच नाही. भाकरी, ठेचा दिला, शेकोटीत हुरडा भाजून दिला. दहा वाजता लाईट आली. पाच एचपीची मोटार, विहिरीवर. मामांनी स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं, फावडं खांद्यावर घेतलं आणि गव्हाकडं गेले. मी ऐटीत सांगितलं, "तुम्ही पाण्याकडं बघा, मोटारीकडं मी बघतो."

दीडपर्यंत मी जागा होतो असं माझं म्हणणं आहे.

जाग आली ती शांततेनं. मोटार बंद. माझ्या अंगावर घोंगडी, जी मी घेतलेली नव्हती. आणि स्टार्टरपाशी मामा, हातात बॅटरी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. म्हणाले, "एक फेज गेला व्हता. आवाज फिरला."

आता बघा. थ्री फेज मोटारीचा एक फेज चालता चालता गेला तर मोटार लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर गुणगुणत फिरत राहते, जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. आपल्याकडं मोटारी जळतात त्यातल्या पुष्कळ अशा. मामा दोनशे पावलांवर पाण्यात उभे होते, तिथून त्यांनी आवाज बदललेला ऐकला. मी मोटारीपासून पाच पावलांवर, छत्तीस खाचांचा डायग्राम डोक्यात घेऊन, झोपलो होतो. आणि त्यांनी मला ढेकूळ मारलं नाही.

बॅटरीच्या उजेडात मला दिसलं, की स्टार्टरच्या रिलेला, म्हणजे करंट वाढला की मोटार बंद करणाऱ्या भागाला, काडी लावून ठेवलीय, म्हणजे तो पडूच नये. माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हणालो, मामा, हे चूक आहे. मामा म्हणाले, "चूक हायच की. पण व्होल्टेज नसतं, रिले दर दहा मिनिटाला पडतंय. मी पाण्यात उभं ऱ्हावं का इथं?" व्होल्टेज कमी झालं की मोटार करंट जास्त ओढते आणि रिले पडतो, हे मला पाठ होतं. मामांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र पाठ नव्हतं. पुढं वर्गात आम्ही त्यावर चार दिवस घालवले.

पहाटे निघताना मी म्हणालो, "मामा, त्या दिवशी टोपीचं माझं चुकलं." ते म्हणाले, "इथं कुणाला सांगताव सर? टोपी जिथं पडली तिथं सांगा."

सोमवारी पाच जण आले, जावई नाही. मी चौदा आणि पाच, एकोणीस जणांसमोर सांगितलं. मग फळा पुसला आणि वर्गातली मोटार रिकामीच चालू केली. सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि एक फ्यूज काढला. मामा बोट वर करून म्हणाले, "गेला." मग जळालेले दोन स्टेटर उघडून दाखवले. कॉइली जोडायच्या दोन पद्धती, स्टार आणि डेल्टा. स्टार जोडणीत दोन फेजच्या कॉइली काळ्या आणि तिसऱ्याच्या कोऱ्या, डेल्टात एकाच फेजच्या काळ्या. छत्तीस खाचांचं गणित त्यानंतर एका तासात झालं. कुणी झोपलं नाही.

जावई बुधवारी आला. पहिल्या बाकावर बसला. कोर्स संपेपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलला.

तर श्रोतेहो, वेळ थोडा उरलाय, म्हणून झपाट्यानं सांगतो. वर्गात कुणी पेंगत असेल, उशिरा येत असेल, तर तो रात्री कुठं होता ते आधी विचारा. मग बोला. रात्री कुठं होता, ते आधी विचारा. आम्ही भिंतीवर फीडरचं वेळापत्रक लावलं आणि रात्रपाळीच्या आठवड्यात वर्ग दुपारी एकला भरवायला लागलो. ऑफिसनं कुरकुर केली, कारण बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्रात दहाची वेळ घातलेली. त्या यंत्रावर मी एक वेगळं भाषण देऊ शकतो. आता सौर कृषी वाहिनीमुळं काही गावांत दिवसा वीज मिळायला लागलीय, तिथल्या मास्तरांचं नशीब चांगलं. शिलाईच्या बॅचमध्ये ज्या दिवशी नळाला पाणी त्या दिवशी निम्म्या बाया गैरहजर, तोही फीडरच.

दुसरं, चूक दाखवायची तर बाजूला घेऊन दाखवा. चारचौघांत नाही. मोठ्यांच्या वर्गात भाऊ असतो, जाऊ असते, व्याही असतो. चारचौघांत नाही.

फोनचं भांडण आम्ही असं मिटवलं. सगळे फोन एका टोपल्यात, टोपलं दारापाशी बसणाऱ्याकडं. घरून फोन आला तर तो उचलणार, रानातून आला तरी उचलणार, बाकीचे वाजू देणार. नियम त्यांनीच केला, म्हणून टिकला. मी केलेला एकही टिकला नव्हता.

आणि मन लागण्याचं म्हणाल, तर ते स्टेजवर हातवारे करणारे, आवाज चढवणारे वक्ते बोलावू नका. एकदा आणला होता एक. दोन तास 'तुम्ही करू शकता' म्हणाला. काय करू शकता ते सांगितलंच नाही, आणि चहाही बिनसाखरेचा मागितला. त्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात असं काम हातात द्या ज्याचे चार पैसे मिळतात. ओहमचा नियम नंतर शिकवला तरी चालतो. आम्ही पहिल्या शुक्रवारी छताच्या पंख्याचा कॅपॅसिटर बदलायला शिकवायचो, अडीच मायक्रोफॅरडचा. रविवारी प्रत्येकानं घरचा नाहीतर शेजारचा हळू फिरणारा पंखा गाठायचा. सोमवारी सगळे वेळेवर. बायकोनं काय म्हटलं ते सांगायला.

मामा-जावयाचं दुकान निघालं, तालुक्याच्या स्टँडजवळ. तांब्याचीच तार वापरतात, ॲल्युमिनियमची मागितली तर गिऱ्हाईक परत पाठवतात. ते मला फार आवडतं. परवा घरचा मिक्सर घेऊन गेलो होतो. जावयानं मान वर न करता पावती फाडली, पैसे पूर्ण लावले, म्हणाला, "शनिवारी या." आत बाकड्यावर मामा झोपले होते, टोपी छातीवर ठेवून. मी पावती खिशात घातली आणि चपलांचा आवाज न करता बाहेर आलो.

नमस्कार.