जर्मनमध्ये चर्चला काय म्हणतात? 'डी किर्ह्य'चं लिंग, उच्चार आणि वापर

नमस्कार. आज एकच शब्द घ्यायचा आहे, पण तो पुरता शिकायचा आहे. चर्चसाठीचा जर्मन शब्द: डी किर्ह्य.

(पडद्यावर मूळ जर्मन स्पेलिंग)

स्पेलिंग बघा. के, आय, आर, सी, एच, ई. पहिला के मोठा, कारण जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं असतं, ते नाम वाक्याच्या मधोमध आलं तरी. परीक्षेत छोटा के लिहिला की चूक धरतात.

आता लिंग. आपल्याकडेही तो, ती, ते आहे आणि जर्मनमध्येही नामाआधी डेअर, डी, दास ही आर्टिकलं लागतात. इंग्रजीतून जर्मनकडे येणाऱ्यापेक्षा मराठी माणसाला ही कल्पना सोपी जाते, कारण वस्तूला लिंग असतं हे आपल्याला समजवावं लागत नाही. गोची होते ती पुढे. आपण आपलंच लिंग जर्मन शब्दाला चिकटवतो. मराठीत 'ते चर्च', म्हणून 'दास किर्ह्य'. 'ते देऊळ', म्हणून 'दास टेम्पल'. दोन्ही चूक. किर्ह्य स्त्रीलिंगी आहे आणि टेम्पल पुल्लिंगी, डेअर टेम्पल. मशिदीच्या बाबतीत मात्र जुळतं: ती मशीद, डी मोशे. मठ आपल्याकडे 'तो', तिकडे दास क्लोस्टर. म्हणजे मराठीवरून अंदाज बांधायचाच नाही.

एक आधार मात्र घेता येतो. शेवटी ई असलेली बहुतेक जर्मन नामं स्त्रीलिंगी असतात: किर्ह्य, झ्युनागोग, कापेल्ल, काटेड्राल. अपवाद आहेत. नाव म्हणजे डेअर नाम, शेवट म्हणजे दास एन्ड. पण प्रार्थनास्थळांच्या या गटात नियम चांगला चालतो.

आता उच्चार, आणि इथे जरा थांबूया, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ऐकू येणारे चुकीचे उच्चार तीन: 'किर्चे', 'किर्खे' आणि 'किर्शे'. पहिला इंग्रजी सवयीचा. दुसऱ्याचं कारण असं, की सीएच म्हणजे 'ख' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. ए, ओ, यू किंवा एयू या अक्षरांनंतर सीएच घशातून येतो, 'बुख'मध्ये येतो तसा. पण आय आणि ई नंतर, दोन टिंबवाल्या स्वरांनंतर, आणि आर, एल, एन या व्यंजनांनंतर तो पुढे टाळूपाशी सरकतो. डुर्ह्य, मिल्ह्य, म्युन्ह्यन (म्युनिक शहर). किर्ह्यमध्ये सीएचच्या आधी आर आहे, म्हणून इथे पुढचाच आवाज.

हा आवाज काढायचा कसा? 'बाह्य', 'असह्य' हे शब्द घ्या. त्यातला 'ह्य' म्हणताना आपला गळा कंप पावतो. तोच 'ह्य' कुजबुजत म्हणा, गळ्यावर बोट ठेवून. बोटाला कंप लागला नाही आणि तोंडातून फक्त हवा आली, की आवाज सापडला. तरीही जमत नसेल तर लांब 'ईऽऽ' म्हणा, जीभ आहे तिथेच ठेवा, आवाज बंद करा आणि फक्त हवा सोडा. जिभेचं टोक खालच्या दातांच्या मागे टेकलेलं हवं, ओठ हसताना ताणतो तसे ताणलेले. 'श' म्हणताना ओठ पुढे येतात आणि टोक वर उचललं जातं. आरशात बघून सराव करा, फरक डोळ्यांनी दिसतो.

मधल्या आरचंही बघू. आपला 'र' जिभेच्या टोकानं होतो. तो इथे जोरात म्हटला की टोक वर जातं आणि पुढचा 'ह्य' बिघडून 'श' होतो. प्रमाण जर्मनमध्ये हा आर मऊ होतो, जवळजवळ 'अ'सारखा: किअ्-ह्य. बायर्नमध्ये, म्हणजे बव्हेरियात, कडक 'र' ऐकाल, तोही चूक नाही, पण शिकताना मऊ धरा. सगळं आधी सुटं म्हणा: 'कि', मग 'किअ', मग थांबून 'ह्य'. मग जोडा.

आणि शेवटचा ई. तो 'ए' म्हणायचा नाही. 'सूर्य', 'भव्य' या शब्दांच्या शेवटी जोडाक्षरामुळे आपण जो हलका 'अ' उच्चारतो, तोच इथे हवा. म्हणून या व्हिडिओत आपण 'किर्ह्ये' न लिहिता 'किर्ह्य' लिहितोय.

एवढी मेहनत कशासाठी, तर 'श' झाला की शब्दच बदलतो. डी किर्श म्हणजे चेरी. आणि आर पूर्ण गिळून स्वर गोल केला तर डी क्युह्य, म्हणजे स्वयंपाकघर. कोलोनच्या बाजूला, ऱ्हाइनलँडमध्ये, अनेक जर्मन लोक स्वतःच किर्ह्य आणि किर्श सारखंच म्हणतात. त्यांना ते शोभतं, शिकणाऱ्यानं ती सवय उचलू नये.

तपासायचं असेल तर फोनच्या कीबोर्डची भाषा जर्मन करा आणि माइकवर नुसतं 'डी किर्ह्य' म्हणा. पूर्ण वाक्य बोलू नका, वाक्य बोललात तर फोन संदर्भावरून तुमची चूक परस्पर सुधारतो आणि तुम्हाला कळतच नाही. सुट्या शब्दाला तो चेरी लिहित असेल तर पुन्हा आरशासमोर.

अनेकवचन सोपं: डी किर्ह्यन. शेवटी फक्त एन लागतो.

आता विभक्ती. मराठीत आपण म्हणतो, 'मी देवळात जातो' आणि 'मी देवळात बसलोय'. दोन्हीकडे 'देवळात'. जर्मनमध्ये या दोन वाक्यांत फरक करावाच लागतो. जायचं असेल तर 'इह्य गेअ इन डी किर्ह्य'. तिथे असाल तर 'इह्य बिन इन डेअर किर्ह्य'. पहिल्यात आक्कुझाटिफ विभक्ती (इथे कुठे जायचं ते), दुसऱ्यात डाटिफ विभक्ती (इथे कुठे आहे ते).

(पडद्यावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक)

इथे हमखास प्रश्न येतो: डेअर? म्हणजे हा शब्द पुल्लिंगी झाला का? नाही. स्त्रीलिंगी नामाचं डाटिफमधलं आर्टिकल डेअर असतं, ते पुल्लिंगी प्रथमेच्या डेअरसारखं दिसतं, इतकंच. मराठीत प्रत्यय लागताना नाम स्वतः बदलतं, देऊळचं देवळा होतं. किर्ह्य मात्र एकवचनात चारही विभक्तींत जशीच्या तशी राहते आणि सगळा बदल आर्टिकलवर दिसतो: डी, डी, डेअर, डेअर. त्यामुळे ऐकताना कान आर्टिकलवर ठेवा. अनेकवचनाच्या डाटिफमध्ये 'इन डेन किर्ह्यन'.

रस्ता विचारताना 'त्सू' (कडे) वापरतात, आणि त्यानंतर कायम डाटिफ. त्सू आणि डेअर मिळून त्सुअर: 'वी कॉम्म इह्य त्सुअर फ्राउअनकिर्ह्य?', म्हणजे 'फ्राउअनकिर्ह्य या चर्चकडे कसं जायचं?' पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांना त्सुम: त्सुम डोम, त्सुम म्युन्स्टर. फ्राउअनकिर्ह्यचं लिंग वेगळं पाठ करायला नको, जोडशब्दात शेवटच्या शब्दाचं लिंग चालतं. म्हणूनच डी फ्राउअनकिर्ह्य, पण चर्चचा मनोरा डेअर किर्ह्यटुर्म, कारण टुर्म पुल्लिंगी आहे. ड्रेस्डेनची फ्राउअनकिर्ह्य फेब्रुवारी 1945 मध्ये बॉम्बहल्ल्यानंतर कोसळली आणि 2005 मध्ये पुन्हा उभी राहिली. तिच्याबद्दल पुढे बोलताना सर्वनाम 'झी' (ती) येईल, 'एस' (ते) नाही.

डोम आणि म्युन्स्टर ही मोठ्या, महत्त्वाच्या चर्चची नावं. कोणत्या गावात कोणता शब्द, हे परंपरेनं ठरलेलं आहे. कोलोनला डेअर डोम: 157 मीटर उंच, काम 1248 मध्ये सुरू झालं, 1880 मध्ये संपलं. उल्मला दास म्युन्स्टर: मनोरा 161.5 मीटर, 1890 मध्ये पूर्ण. आणि हॅम्बुर्गमध्ये कुणी 'डोमला जातोय' म्हणालं तर तो जत्रेला निघालाय असं समजा. तिथलं जुनं डोम एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडलं गेलं, पण वर्षातून तीनदा भरणाऱ्या जत्रेला ते नाव राहिलं.

शेवटी एक जोडशब्द, जो जर्मनीत राहायला जाणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवा: डी किर्ह्यनश्टॉयअर, चर्च-कर. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. हिंदू, मुस्लिम, शीख, बौद्ध, जैन यांना हा कर नाही. वसईचं किंवा गोव्याचं कॅथलिक कुटुंब असेल तर त्यांनी रकाना समजून भरावा, कारण बाप्तिस्मा झालेला कॅथलिक तिथे राहायला आला की सदस्य धरला जातो. कर पगारावर नसून आयकरावर लागतो: बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये 8 टक्के, बाकी राज्यांत 9 टक्के. महिन्याचा आयकर 500 युरो असेल तर म्युन्ह्यनमध्ये 40 युरो, बर्लिनमध्ये 45. पगाराच्या चिठ्ठीवर आर-के म्हणजे रोमन कॅथलिक आणि ई-व्ही म्हणजे प्रोटेस्टंट. पहिल्या पगाराची चिठ्ठी हातात आली की हा कोपरा आधी बघा. तिथे चुकीची नोंद दिसली तर कंपनीच्या पगार विभागाला आणि नोंदणी कार्यालयाला लगेच लेखी कळवा.