कानातली कुई

नमस्कार श्रोतेहो.

मंडपात माइक कर्ण्यासमोर गेला की जी कुई उठते, ती तुम्ही ऐकली असेलच. कर्ण्यातला आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून बाहेर पडतो, पुन्हा माइकमध्ये. तसलीच कुई कानातही उठू शकते असं १९४८ साली एकानं म्हटलं होतं. थॉमस गोल्ड त्याचं नाव. युद्धात रडारवर काम केलेला तरुण.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते. उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. आत द्रव. आता सतारीची तार पाण्यात बुडवून छेडा बरं! ठप्प. मग या द्रवात कान सूर वेगळे कसे ओळखतो? गोल्ड म्हणाला, कान स्वतःची शक्ती ओतत असणार. आणि ओतत असेल, तर कधीतरी कानातून आवाज बाहेरही येणार. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. हंगेरियन शास्त्रज्ञ बेकेशींना १९६१चं नोबेल मिळालं ते आवाजानं याच नळीत उठणाऱ्या लाटेच्या शोधासाठी. पण त्यांनी तपासलेले कान बहुतेक मृतांचे. मेलेला कान शक्ती कुठून ओतणार?

१९७८मध्ये लंडनला डेव्हिड केम्प यांनी कानात चिमुकला माइक बसवला, ‘टिक्’ असा आवाज सोडला. काही मिलिसेकंदांनी कानातून क्षीण उत्तर आलं!

हे काम त्या नळीतल्या केशपेशींचं, म्हणजे डोक्यावर बारीक केस असलेल्या पेशींचं. आतल्या रांगेतल्या सुमारे साडेतीन हजार पेशी मेंदूला खबर देतात. बाहेरच्या तीन रांगांतल्या बारा हजारांचा धंदा वेगळा. लाटेनं त्यांच्या डोक्यावरचे केस कलले की पेशीतला विजेचा दाब बदलतो, आणि पेशी चक्क आखडते, लांबते, सेकंदाला हजारो वेळा. झोक्याला नेमक्या वेळी रेटा द्यावा, तसा लाटेला रेटा मिळतो. हे घडवणारं त्यांच्या भिंतीतलं प्रथिन २००० साली सापडलं. नाव प्रेस्टिन, पाश्चात्त्य संगीतातल्या ‘प्रेस्टो’ या अतिद्रुत लयीवरून.

गंमत म्हणजे हा रेटा बारीक आवाजालाच भरपूर, शंभरपटीहूनही जास्त. मोठ्याला जवळजवळ नाही. म्हणून या पेशी गेल्या की आजोबा म्हणतात, “जरा मोठ्यानं बोल.” आपण आवाज चढवला की लगेच, “ओरडतोस कशाला?” आजोबा तऱ्हेवाईक नाहीत हो. कुजबुज वाढवणारा गेलाय, ढोल मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतोय. आणि माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत, कोंबडीत उगवतात.

केम्प यांचं तंत्र आता प्रसूतिगृहात पोचलंय. झोपलेल्या तान्ह्याच्या कानात मऊ टोकाचा चिमुकला माइक बसवतात, टिकटिक सोडतात आणि बाळाच्या कानाचं उत्तर ऐकतात. बाळाला जागंसुद्धा करावं लागत नाही.